ख्रिस्तपुराण मुळातून कसे वाचावे : गोव्याच्या जुन्या मिशनरी पोथ्यांची वाट

‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा, कि रत्नांमाजि हिरा निळा, तैसी भासांमाजि चोखळा, भासा मराठी’ ही फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणातली, म्हणजे बायबलची कथा ओव्यांत सांगणाऱ्या ग्रंथातली ओवी मराठी भाषा गौरव दिनाला दरवर्षी सगळीकडे फिरते. ती पाठ असलेले पुष्कळ भेटतात. तिच्या मागेपुढे जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत आणि त्यांतल्या शंभर तरी वाचलेला माणूस मात्र शोधावा लागतो. याचा दोष वाचकांच्या आळसाला देण्यात अर्थ नाही. हा ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला तोच अडनिड्या रूपात : भाषा मराठी, लिपी रोमन, वर्णलेखन पोर्तुगीज वळणाचे आणि बहुतेक सगळा आधार हाताने उतरवलेल्या नकलांचा. छापील देवनागरी आवृत्ती उघडली की हा सगळा प्रवास झाकला जातो आणि वाचकाला वाटते, फादर स्टीफन्स यांनी असेच लिहिले होते.

हा लेख त्या झाकणाखाली डोकावू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. पोर्तुगीज येत नसले तरी चालेल. एकनाथी भागवत किंवा ज्ञानेश्वरीचे दोन-चार अध्याय सावकाश वाचलेले असले, तर तयारी पुरेशी आहे.

आधी ओळख : कोणते ग्रंथ, कुठले

थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमधल्या विल्टशायरचा जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाचा धर्मगुरू. तो ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्याला पोहोचला आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत मुख्यतः दक्षिण गोव्यातल्या साष्टीत राहिला. मराठीत पैठणचे एकनाथ महाराज लिहीत होते तो हा काळ. स्टीफन्सचे पुराण १६१६ मध्ये राशोलला म्हणजे रायतूरला छापले गेले. पुन्हा १६४९ मध्ये आणि १६५४ मध्ये. या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज ज्ञात नाही. आपल्या हाती उरल्या त्या नकला. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण पुढच्या साऱ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत : ख्रिस्तपुराणाची ‘मूळ प्रत’ नावाची वस्तू कोणाकडेच नाही.

स्टीफन्स एकटा नव्हता. त्याची ‘दौत्रिना क्रिस्तां’ ही धर्मशिक्षणाची कोकणी प्रश्नोत्तरी त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये राशोललाच छापली गेली आणि तिच्या प्रती लिस्बनला व व्हॅटिकनला टिकल्या. त्याचे कोकणी व्याकरण दियोगु रिबैरु याने भर घालून १६४० मध्ये छापले. भारतीय भाषेचे छापून निघालेले हे पहिले व्याकरण. फ्रेंच जेझुइट एतिएन द ला क्रुआ याने संत पीटरवर मराठी ओवीबद्ध पुराण रचले, ते १६२९ चे. मिगेल द आल्मैदाचा ‘वनवाळ्यांचो मळो’ १६५८ च्या सुमाराचा, तो कोकणी गद्यात. उत्तरेकडे वसईच्या परिसरात फ्रान्सिस्कु वाझ द गिमरांइश याचे १६५९ चे ख्रिस्ताच्या दुःखसहनावरचे पुराण प्रसिद्ध होते.

नवख्याने सुरुवात ख्रिस्तपुराणानेच करावी असे माझे स्पष्ट मत आहे. ला क्रुआचे पुराण हिंदू देवकथांच्या खंडनात इतके रमते की चांगला वाचकही कंटाळतो. कोकणी गद्य सुंदर आहे, पण मराठी वाचकाला तिथे एकाच वेळी दोन अनोळखी गोष्टींशी झुंजावे लागते.

रोमन लिपी का, हे समजून घ्या

हा प्रश्न इतिहासाचा वाटतो, पण वाचताना तो रोज उपयोगी पडतो. गोव्यात छापखाना १५५६ मध्ये आला. तमिळमध्ये एन्रिक एन्रिकिश यांची प्रश्नोत्तरी १५७८ मध्ये कोल्लमला तमिळ खिळ्यांनीच छापली गेली. मग मराठी देवनागरीत का नाही? स्टीफन्सने १६०८ मध्ये रोमला आपल्या संघप्रमुखाला लिहिलेल्या पत्रात उत्तर आहे. इथल्या लिपीत पुस्तके छापायची त्याची फार दिवसांची इच्छा होती. पण अक्षरे स्वरयुक्त असल्याने सहाशेच्या आसपास साचे लागतील ही अडचण होती, आणि ती संख्या दोनशेवर आणता येईल असे तो सुचवत होता. ते घडले नाही. अगोदरच हाताशी असलेले रोमन खिळे वापरले गेले.

म्हणजे रोमन लिपी ही या मराठीची निवड नव्हती, छापखान्याची मर्यादा होती. म्हणूनच रोमन पाठात लिपीमुळे पडलेले घोटाळे वेगळे काढायचे आणि भाषेची खरी लकब वेगळी ओळखायची, हेच वाचकाचे मुख्य काम.

आवृत्ती निवडणे

छापील आवृत्त्यांपैकी चार लक्षात ठेवा. जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरहून रोमन लिपीतला पाठ प्रसिद्ध केला; तो कर्नाटक किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती घराण्यांतून टिकलेल्या हस्तलिखितांवर आधारलेला आहे. गोव्यातून स्थलांतर केलेल्या कुटुंबांनी हे पुराण सोबत नेले होते, त्यांचे हे उपकार. इंटरनेट अर्काइव्हवर ही आवृत्ती मोफत मिळते. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली. कारिदाद द्रागो यांची देवनागरी आवृत्ती १९९६ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने छापली. नेल्सन फाल्काव यांनी २००९ मध्ये बंगळूरहून मूळ ओव्यांसोबत आजच्या मराठीतला गद्य अर्थ दिला.

यांच्या जोडीला लंडनची पोथी. विल्यम मार्सडेन या संग्राहकाच्या ग्रंथसंग्रहातून ती आज लंडन विद्यापीठाच्या प्राच्यविद्या संस्थेत, म्हणजे ‘सोआस’मध्ये आहे. ती देवनागरीत आहे, दोन भागांत; त्यांची नावे आदिपुराण आणि देवपुराण. जस्टिन ॲबट यांनी १९२० च्या दशकात ती अभ्यासकांच्या नजरेस आणली आणि हाच मूळ पाठ असे प्रतिपादन केले. रोमन प्रतींत जिथे पोर्तुगीज-लॅटिन धर्मशब्द आहेत, तिथे या पोथीत संस्कृत वळणाचे शब्द येतात. मग अगोदरचे रूप कोणते? स्टीफन्सने आधी देवनागरीत लिहून नंतर चर्चच्या दडपणाखाली शब्द बदलले, की कोणी नंतर रोमन पाठ देवनागरीत नेताना तो शुद्ध करून घेतला? वाद जुना आहे. देवनागरी दिसली की ती अधिक ‘अस्सल’ मानायचा मोह मराठी वाचकाला होतोच, तो आवरा. पुढच्या काळातला नक्कलकारही संस्कृत शब्द घालू शकतो.

सोय म्हणून असे करा : फाल्काव यांची आवृत्ती अर्थासाठी उजव्या हाताला, साल्ढाणांचा रोमन पाठ समोर. बंडेलू किंवा द्रागो अडले तर पडताळायला. एकाच देवनागरी आवृत्तीवर विसंबून भाषेबद्दल निष्कर्ष काढू नका. ‘अ’ की ‘आ’, ‘न’ की ‘ण’ यांतले कितीतरी निर्णय तिथे संपादकाने तुमच्यासाठी आधीच घेऊन टाकलेले असतात.

अक्षरांचा तक्ता स्वतः बनवा

तयार तक्ता कुठूनतरी उतरवून घेण्यापेक्षा पहिल्या वीस ओव्यांवरून तो स्वतः बनवणे चांगले, कारण हात बसतो. तरी वाट सोपी व्हावी म्हणून मोठी वळणे सांगतो.

‘एक्स’ हे अक्षर ‘श’साठी. ‘क’ दोन प्रकारे येतो : अ, ओ, उ यांच्या आधी ‘सी’, आणि इ, ए यांच्या आधी ‘क्यू’ व ‘यू’ ही जोडी. त्यातला ‘यू’ उच्चारायचा नाही. ‘कि’ असाच वाचायचा. ‘क्यू’पुढे ‘एच’ आला की ‘ख’. ‘गे’ लिहिताना मध्ये असाच मुका ‘यू’ घुसतो. ‘झेड’ म्हणजे बहुतेकदा आपला ‘ज’; ‘जैसी’ची सुरुवात ‘झेड’ने होते. ‘च’साठी ‘सी-एच’.

मूर्धन्य वर्णांसाठी अक्षर दुहेरी. दोन ‘टी’ म्हणजे ट, दोन ‘डी’ म्हणजे ड, दोन ‘एन’ म्हणजे ण, दोन ‘एल’ म्हणजे ळ. ‘हरळां’, ‘निळा’, ‘चोखळा’ या तिन्हींत दोन ‘एल’ आहेत. ‘मराठी’त दोन ‘टी’ आणि मागे ‘एच’. ही युक्ती इतकी नेटकी आहे की आजची रोमी, म्हणजे रोमन लिपीतली, कोकणी तीच चालवते. मात्र दोन ‘एस’ दिसले म्हणून तिथे ‘ष’ वाचू नका. पोर्तुगीजमध्ये दोन स्वरांमधला एकटा ‘एस’ ‘झ’सारखा उच्चारतात, म्हणून ‘स’चा स्वच्छ उच्चार राखायला तो दोनदा लिहीत. ‘जैसी’, ‘तैसी’, ‘भासा’ तिन्हींत तसेच आहे.

अनुस्वार स्वरावरच्या नागमोडी रेघेने दाखवतात, आणि शब्दाच्या शेवटी पुष्कळदा ‘एम’ने. हा शेवटचा ‘एम’ म्हणजे ‘म’ नव्हे; ‘पैलें’ या शब्दाचा शेवट असाच लिहिलेला आहे.

‘व’ हे सर्वांत फसवे अक्षर. त्या काळी ‘यू’ आणि ‘व्ही’ यांत आजच्यासारखा काटेकोर भेद नव्हता. ‘देवा’, ‘सर्व’, ‘स्वर्ग’ यांतला ‘व’ ‘यू’ने लिहिलेला सापडतो. त्यात हस्तलिखिताची अडचण भर घालते : वळणदार लिहिताना ‘यू’ आणि ‘एन’ सारखेच दिसतात, दोन उभ्या रेघा. म्हणजे मराठीत न आणि व यांची गल्लत. तसाच तो जुना लांब ‘एस’, जो हुबेहूब ‘एफ’ दिसतो, आणि मग स आणि फ यांची गल्लत.

आणि शेवटी अ-आ. रोमन ‘ए’ दोन्हींसाठी एकच. याला तक्ता नाही. याला पुढची पायरी.

पहिली ओवी सोडवून पाहा

पुराणाचे नमन घ्या. अक्षरशः उतरवले तर ते साधारण असे दिसते : ‘वो नमो विसुअभरिता, देउआ बापा सरुआ समरथा, परमेसुअरा सतेउअंता, सुअर्ग प्रथुउइचेआ रचण्णारा.’ आता तक्ता लावा. स्वराआधीचा ‘उ’ हा ‘व’ केला की ‘विस्वभरिता’, ‘देवा’, ‘परमेस्वरा’, ‘स्वर्ग’ झटकन उलगडतात. ‘सरुआ’चा शेवट ‘अ’ मानला तर ‘सर्व’. ‘सतेवंता’ म्हणजे ‘सत्यवंता’ : ‘त्य’मधला ‘य’ इथे ‘ए’ने दाखवला आहे. तसाच ‘प्रथुविचेआ’, आपल्या ‘पृथ्वीच्या’. शेवटचा दोन ‘एन’चा शब्द ‘रचणारा’.

वो नमो विस्वभरिता
देवा बापा सर्व समर्था
परमेस्वरा सत्यवंता
स्वर्ग प्रथुविचेया रचणारा

इथे थांबून एक निर्णय घ्यायचा आहे. ‘विस्व’चे ‘विश्व’ करायचे का? ‘प्रथुवि’चे ‘पृथ्वी’? माझे उत्तर ठाम नाही असेच आहे. ‘श’साठी ‘एक्स’ हे अक्षर हाताशी असताना लिहिणाऱ्याने ‘एस’ वापरला आहे. जुन्या मराठी पोथ्यांतही ‘विस्व’, ‘परमेस्वर’ भरपूर सापडतात. तो उच्चार आहे, चूक नव्हे. ‘समर्था’च्या जागी पाठात ‘समरथा’ आहे; वर मी वाचायला सोपे म्हणून ‘समर्था’ दिले, पण वहीत ‘समरथा’च ठेवा. गायल्यावर कळते की चरणाला तो जास्तीचा स्वर हवासा आहे.

कान वापरा : यमक हा तुमचा मुद्रितशोधक

ओवीचे चार चरण, पहिल्या तिघांना यमक, चौथा मोकळा आणि सहसा आखूड. हे माहीत असले की अर्धे संशय मिटतात. ‘रत्नकिळा–निळा–चोखळा’ यांत एखाद्या नकलेत कुठे एकच ‘एल’ पडला असेल, तर यमक सांगते की तिथे ‘ळ’च हवा. चरणाच्या शेवटी ‘अ’ की ‘आ’ हा प्रश्न आला की बाकीच्या दोन चरणांना विचारा. न-व गल्लत, स-फ गल्लत, सगळ्यांत यमकाची साक्ष डोळ्यांपेक्षा भरवशाची.

म्हणून प्रत्येक ओवी मोठ्याने म्हणा. लाजू नका. हे पुराण वाचण्यासाठी नव्हे, चर्चमध्ये जमलेल्या लोकांपुढे म्हणण्यासाठी रचलेले आहे. गोव्यात ते रविवारी आणि सणांना गायले जाई. चरण जिभेवर अडखळला तर बहुतेकदा तुमचे लिप्यंतर चुकलेले असते. तुमच्या घरात कुणाला हरिविजय किंवा पांडवप्रताप चालीवर म्हणायची सवय असेल, तर त्यांना शेजारी बसवा. त्यांना न समजलेला शब्द आणि न बसलेला चरण यांतला फरक ते लगेच सांगतात, आणि तो फरक कोशात मिळत नाही.

शब्दांची जुळवाजुळव

प्रस्तावनेत स्टीफन्सने आपली भाषा कशी घडवली ते स्वतःच सांगितले आहे. ‘सुधि मराठी मधिम लोकांसि नकळे देखुनु’ त्याने जुन्या कवींचे अवघड शब्द टाकले आणि ठायीठायी सोपी ‘ब्राह्मणांचे भासेचिं उतरें’ मिसळली. ही ब्राह्मणांची भाषा म्हणजे गोव्याची कोकणी. ‘उतर’ म्हणजे शब्द, हे कोकणी बोलणाऱ्याला सांगावे लागत नाही.

म्हणजे तीन प्रकारचा शब्दसाठा एका ओवीत येऊ शकतो आणि तिघांचे कोश वेगळे. जुन्या मराठीसाठी शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. कोकणीसाठी मोन्सिन्योर दाल्गादो यांचा १८९३ चा कोकणी-पोर्तुगीज कोश. त्यात कोकणी शब्द देवनागरीत असल्याने पोर्तुगीज न येणाऱ्यालाही शब्द आहे की नाही एवढे तरी कळते. खरे तर कोशापेक्षा साष्टीचा किंवा मंगळूरचा कोकणी बोलणारा मित्र अधिक कामाचा. पोर्तुगीज-लॅटिन शब्द थोडे आहेत, चर्चच्या विधींभोवती गोळा झालेले. त्यांची एक छोटी यादी पहिल्या दोनशे ओव्यांत तयार होते.

व्याकरणात दोन-तीन सवयी लावून घ्या. पुल्लिंगी नामे उकारान्त : मानु, मयोरु. ‘करून’, ‘म्हणून’ यांच्या जागी ‘करुनु’, ‘म्हणउनु’. षष्ठीत ‘चेया’. एकदा हे अंगवळणी पडले की शब्द कुठे संपतो ते कळू लागते. नकलांत शब्द तोडण्याची शिस्त नसते, त्यामुळे याचा फार उपयोग होतो.

ओळखीच्या शब्दांपासून मात्र सावध. वैकुंठ, भक्त, मुक्ती, गुरू हे सगळे इथे आहेत. स्वर्गाला वैकुंठ म्हटलेले पाहून नवा वाचक हरखतो. शब्द आपले, त्यांत भरलेला अर्थ कॅथलिक धर्मशास्त्राचा. अर्थ लावताना प्रसंग बायबलमधला कोणता ते आधी शोधा.

तो शोधताना घरातले नेहमीचे मराठी बायबल हाताशी असेल तर एक अडचण येईल. स्टीफन्सच्या पिढीचे कॅथलिक धर्मगुरू वुल्गाता हे लॅटिन बायबल वापरत. तिच्यात स्तोत्रांचे क्रमांक मोठ्या भागात एकाने मागे आहेत : प्रॉटेस्टंट मराठी बायबलातले २३ वे स्तोत्र तिथे २२ वे. शिवाय तोबित, युदीथ, मक्काबी असे ग्रंथ तिथे आहेत आणि प्रॉटेस्टंट आवृत्तीत नाहीत. म्हणून कॅथलिक आवृत्तीच घ्या. पैलें पुराण ३६ अवस्वरूंचे आहे आणि ते जुन्या करारावर चालते. दुसरें पुराण ५९ अवस्वरूंचे, ख्रिस्ताच्या जीवनावर. अवस्वरू म्हणजे इथला अध्याय.

प्रत्यक्ष हस्तलिखितासमोर

काही महिने छापील रोमन पाठावर हात बसल्यावरच हस्तलिखित मागा. आधी मागितले तर पाने उलटून परत याल, आणि पोथीला मात्र उगाच हाताळणी सोसावी लागेल.

गोव्यात विचारपूस करण्याच्या जागा तीन : पणजीचे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, आल्त पर्वरीचे थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्र आणि तिथलेच झेवियर इतिहास संशोधन केंद्र. जाण्याआधी लेखी विनंती करा. कोणत्या ग्रंथाचा कोणता भाग, कशासाठी, किती दिवस, हे नेमके लिहा. ‘जुनी हस्तलिखिते पाहायची आहेत’ अशा पत्राला कोणताही ग्रंथपाल थंड उत्तर देतो आणि तेच योग्य आहे. छायाचित्र-प्रत किंवा सूक्ष्मपट (मायक्रोफिल्म) उपलब्ध आहे का हे आधी विचारा. असेल तर तीच वापरा. लंडनच्या प्रतीसाठीही आधी हाच प्रश्न.

गोव्याची हवा कागदाची वैरीण आहे : दमटपणा, कसर, वाळवी. त्यात त्या काळची लोखंड आणि माजूफळाची शाई कालांतराने कागदच खाते. ठळक अक्षरांच्या जागी अक्षराच्या आकाराचे भोक पडलेले दिसते. अशा पानाला आधाराशिवाय उचलू नका. हात धुऊन कोरडे करा. बोटाला थुंकी लावून पान उलटण्याची आपली सवय इथे गुन्हा समजा. फक्त पेन्सिल. मागची शाई पुढे फुटली असेल तर पानामागे कोरा काळा कागद हलक्या हाताने सरकवून पाहा, तोही परवानगीने. मोबाइलचा फ्लॅश बंद.

मजकुराला हात घालण्याआधी पोथीची कुंडली मांडा. एकूण पाने, आकार, किती हस्ताक्षरे, कुठून कुठे बदलतात, कोरी पाने, मालकांच्या नावांच्या नोंदी. पानाच्या तळाशी उजवीकडे पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहिलेला असतो. तो जुळला नाही तर मधले पान हरवले आहे किंवा बांधणीत चुकीच्या जागी गेले आहे. कागद उजेडासमोर धरता आला तर आतली जलचिन्हे टिपून घ्या.

सालाबाबत मोठी फसगत होते. नक्कलकार छापील प्रतीवरून उतरवताना तिचे मुखपृष्ठ आणि परवानेही उतरवून घेई. म्हणून पहिल्या पानावर १६५४ दिसले की पोथी १६५४ ची असे म्हणू नका. तिची आधारप्रत त्या मुद्रणाची, एवढेच. नकलेचे स्वतःचे साल असलेच तर शेवटच्या पुष्पिकेत, म्हणजे नक्कलकाराच्या समाप्तीच्या नोंदीत, कधी समासात.

उतरवून घेण्याची पद्धत

वहीत किंवा संगणकावर तीन थर ठेवा. पहिल्या थरात रोमन मजकूर जसाच्या तसा, चुकांसकट, ओळी जिथे तुटतात तिथेच तोडून. दुसऱ्यात देवनागरी लिप्यंतर, पण ‘विस्व’, ‘समरथा’ तसेच राखून. तिसऱ्यात आजच्या लेखनाप्रमाणे, हवे तर अर्थासह. संशयित अक्षराला चौकटी कंस, फाटलेल्या जागी ठिपके, आणि यमकावरून ठरवलेल्या अक्षराला वेगळी खूण. पुढे कोणी तुमचा ‘ळ’ खोडला तर तो का लिहिला हे दाखवता आले पाहिजे. हे तीन थर एकत्र करण्याची घाई बहुतेक हौशी लोक करतात, आणि मग त्यांच्या मेहनतीचा दुसऱ्याला उपयोग होत नाही.

वेग अपेक्षू नका. एका बैठकीत पंधरा-वीस ओव्या नीट झाल्या तर पुष्कळ. शक्य असल्यास दोघांनी बसावे, एकाने वाचावे आणि दुसऱ्याने लिहावे. ऐकणाऱ्याच्या कानाला जे खटकते ते वाचणाऱ्याच्या डोळ्यांना दिसत नाही.

सभोवतालचा काळ सोबत ठेवा

भाषागौरवाच्या ओव्यांमुळे स्टीफन्सला मराठीचा निर्मळ प्रेमी करून टाकणे सोपे झाले आहे. ते प्रेम खोटे नव्हते, पण तेवढेच वाचले तर पुराणाचा निम्मा अर्थ निसटतो. राशोलच्या किल्ल्याच्या कप्तानाने १५६७ मध्ये साष्टीतली देवळे पाडली. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, गोव्यात १५६० पासून होते. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना मारले, तेव्हा स्टीफन्स साष्टीच्याच कामात होता. नव्या ख्रिस्ती लोकांच्या जुन्या पोथ्या आणि कथा बंद झाल्या होत्या, आणि त्या रिकाम्या जागेसाठी हे पुराण आहे. ग्रंथातच पाद्री गुरूंना श्रोत्यांतला एक ब्राह्मण प्रश्न विचारतो आणि कथा पुढे सरकते. ही रचना पुराणश्रवणाची सवय असलेल्या श्रोत्यांनाच साधते.

याची दुसरी बाजू पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. तिथल्या ७७१ आणि ७७२ क्रमांकांच्या बाडांत रामायण-महाभारतातल्या कथा कोकणी गद्यात, रोमन लिपीत उतरवलेल्या आहेत. जेझुइटांनी भाषा शिकण्यासाठी आणि खंडनासाठी त्या लिहून घेतल्या. ज्या धोरणाने गावातल्या पोथ्या नाहीशा केल्या, त्याच यंत्रणेच्या कपाटात त्या कथा टिकल्या. ख्रिस्तपुराणाच्या भाषेचा जिवंत शेजार पाहायचा असेल तर ही बाडे फार मोलाची आहेत. त्यांवर आधारलेली छापील संपादने आता मिळतात. वरचा अक्षरतक्ता तिथे थोड्या फरकाने चालतो.

पुढे २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय काउंट आल्व्होर याने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज आत्मसात करण्याचा हुकूम काढला. १७५९ मध्ये जेझुइटांना पोर्तुगीज मुलखातून हाकलले आणि १८३५ मध्ये उरलेले धर्मसंघही बंद झाले. मठांची ग्रंथालये विखुरली. एखाद्या बाडाची मालकी-परंपरा लावताना ही तीन साले समोर ठेवा. मधली दरी बहुधा त्यांपैकी एकाने पडलेली असते.

संदर्भ देताना

तुम्ही काही लिहून प्रसिद्ध करणार असाल तर ओवीचा पत्ता पुराण, अवस्वरू, ओवी या क्रमाने द्या आणि आवृत्तीचे नाव न विसरता जोडा, कारण ओव्यांचे क्रमांक आवृत्तीगणिक सरकतात. साल्ढाणांच्या आवृत्तीत एकूण १०,९६२ ओव्या आहेत. दुसऱ्या प्रतीत कमी-जास्त आढळल्या तर लगेच प्रक्षेप किंवा गाळणी म्हणू नका, आधी आजूबाजूचे यमक आणि कथेचा सांधा पाहा. हस्तलिखितातून दिले असेल तर ग्रंथालयाचे नाव, दाखल क्रमांक, पान आणि त्याची पुढची की मागची बाजू. छायाचित्रे प्रसिद्ध करण्याची परवानगी पाहण्याच्या परवानगीपासून वेगळी असते. ती त्याच भेटीत लेखी मागून घ्या, नंतर टपालाने मागितली की महिने जातात.